पुलाखालचा दोरा

"खालून दोरा घालायचा. रोज. ब्रिज आम्ही बांधला, पण खांब तुमचे आहेत. खांब गेले की ब्रिजचं काय करणार? पेपरवेट?"

डॉ. श्यामला सोवनी हे आईकडे बघून नाही, माझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी, कर्वेनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात. मी तेव्हा जवळच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि आई खास दातांसाठी पुसदहून येऊन महिनाभर माझ्या खोलीवर राहिली होती. तिची खालची डावी दाढ काढून वर्ष झालं होतं. त्या मोकळ्या जागेच्या पुढचा आणि मागचा असे दोन दात कोरून बारीक केले, दोघांवर टोप्या चढवल्या आणि टोप्यांच्या मध्ये एक खोटी दाढ जोडली. तिन्ही एकसंध. आरशात बघून आई म्हणाली होती, "माय, लग्नातल्यासारखे दिसून राहिले."

"किती वर्षं टिकेल?" मी विचारलं.

"नीट ठेवलात तर दहा-पंधरा. कधी वीससुद्धा. नाही ठेवलात तर तुमचं नशीब." त्या हातमोजे काढत होत्या. "वरच्या टोपीला कीड लागत नाही, आतल्या दाताला लागते. टोपीची कड जिथे हिरडीला भेटते, तिथून. आणि दुखणार नाही, कारण दोन्ही दातांच्या नसा काढल्यात. म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं. दुखलं की येऊ, हा हिशेब इथे चालणार नाही."

मी "हो हो" म्हणाले. माझं लक्ष फोनमध्ये होतं. आईचं संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट अजून मिळालं नव्हतं. डॉक्टरांनी एक पाकीट दिलं. त्यात कापलेल्या दोऱ्यांचे तुकडे होते, एका टोकाला ताठ आणि मध्ये कापसासारखे फुगीर. ताठ टोक ब्रिजच्या खालून घालायचं, दुसऱ्या बाजूने ओढायचं. आईला एका झटक्यात जमलं. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला ते काय अवघड.

जिना उतरताना आईने विचारलं, "काय सांगत होत्या व त्या एवढं?"

"काही नाही गं. डॉक्टर असंच घाबरवतात, परत बोलवायला."

हे वाक्य मी म्हटलंय. विसरायचा प्रयत्न केला तरी ते माझ्याच आवाजात ऐकू येतं.

दवाखान्यात नंबर माझा दिला होता. आईकडे तेव्हा साधा फोन होता. दर सहा महिन्यांनी मला मेसेज यायचा, ब्रिजच्या तपासणीची वेळ झाली आहे म्हणून. सुरुवातीला मी तो उघडायचे तरी. मग नोकरी लागली, लग्न झालं, आणि तो मेसेज गृहकर्जाच्या आणि जिमच्या मेसेजांच्या रांगेत जाऊन बसला. अंगठ्याने बाजूला सारला की संपलं.

आता आम्ही पुण्याच्या कडेला, मांजरीला राहतो. नवरा अभिनव, मी आणि आमची सोळा महिन्यांची संस्कृती. सोसायटी नवी आहे, मागची भिंत संपली की ऊस सुरू होतो. माझी बाळंतपणाची रजा ऑगस्टमध्ये संपली, तेव्हा आई पुसदहून आली. बाबांना, म्हणजे नागोरावांना, घरी डबा लावून आली. "म्हातारा राह्यते एकटा, त्याले काय होते," म्हणाली. मी ऑफिसला जाताना रडत होते आणि संस्कृती आईच्या कडेवर आरामात तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती.

मला काळजी करायची सवय आहे. पहिल्यापासून होती, संस्कृतीनंतर फार वाढली. तिने किती चमचे खाल्लं, किती वाजता, शी कुठल्या रंगाची झाली, सगळं मी फोनमध्ये लिहून ठेवायचे. तिला दात यायला लागले तेव्हा रोज सकाळी मोबाइलचा टॉर्च लावून तिच्या हिरड्या बघायचे. कुठला दात कुठल्या तारखेला दिसला, हे आजही न बघता सांगीन.

आई हे सगळं बघायची आणि म्हणायची, "तुले दात आले तवा मले कळलंबी नाही. एक दिवस चावली, तवा कळलं."

दिवाळीनंतर आईचे उपास वाढले. आधी फक्त सोमवार होता. मग गुरुवार सुरू झाला. मग चतुर्थी, एकादशी, आणि मग एका शनिवारी तिने ताटावरून हात उचलला.

"आज काय?" मी म्हटलं.

"शनवार."

"शनिवार कधीपासून?"

"पोरीसाठी धरला. तिले दिठ लागते."

आता यावर मी काय बोलणार? माझ्या लेकीसाठी धरलेला उपास. मला तर बरंच वाटलं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना एवढे उपास बरे नाहीत, असं एकदा बोलले. "भगर खाते न मी, केळं खाते. उपाशी थोडीच राह्यते," असं तिने मलाच गप्प केलं. अभिनव हसून म्हणाला, "आई, अख्ख्या सोसायटीच्या उपासांचा कोटा तुम्ही एकट्याच भरताय. आम्हाला पुण्य ट्रान्सफर होतं का, बघा जरा." आई पदर तोंडाला लावून हसली. ती तेव्हा नेहमीच पदर तोंडाला लावून हसायची. मला वाटलं, जावयासमोर लाजते.

जे दिवस उपासाचे नव्हते, त्या दिवशी ती संस्कृतीचं उरलेलं खायची. पोरीसाठी ती मूगडाळीची खिचडी घोटून घोटून अगदी पिठल्यासारखी करायची, आणि ती इतकी करायची की तीन पोरी जेवतील. मी एकदा चिडले. "आई, अगं ती चार चमचे खाते. एवढं कशाला? वाया जातं."

"वाया कायले जाते? मी खाते न. लेकराचं उष्टं आजीनं खाल्लं त काय बिघडलं."

तेही मला गोडच वाटलं. मी त्याचा फोटोही काढला. वाटी तोंडाला लावलेली आई आणि तिच्या मांडीवर संस्कृती. स्टेटसला ठेवला होता, हृदय लावून.

एक खूण मात्र अशी होती की ती मला कळायला हवी होती. जानेवारीत मागच्या फडात ऊसतोड चालू होती. आमचे वॉचमन संभाजीमामा तिथल्याच वस्तीतले. त्यांनी चार कांड्या आणून दिल्या. "घ्या आजी, लई ग्वाड हाय." माझी आई म्हणजे ऊस दातांनी सोलणारी बाई. पुसदच्या बाजारातून घरी येईपर्यंत रस्त्यातच एक कांडी संपवायची. बाबा तिला म्हणायचे, "तुह्या तोंडात चरक बसवला का?" त्या दिवशी तिने कांड्या हातात घेतल्या, वास घेतला आणि बाल्कनीत कोपऱ्यात उभ्या करून ठेवल्या. आठवड्याने त्या वाळल्या. मी विचारलं तर म्हणाली, "खोकला आहे." खोकला नव्हता. तिला खोकला नाही हे मला दिसत होतं, आणि तरीही मी पुढच्या खोलीत निघून गेले, कारण संस्कृतीला शिंक आली होती.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी ते झालं. आम्ही जेवायला बसलो होतो. आई संस्कृतीला मांडीवर घेऊन भरवत होती आणि तिला हसवायला मोठ्याने "आऽऽ" करून दाखवत होती. संस्कृतीने आजीच्या तोंडात हात घातला. तिची ती सवयच होती. तिने हात बाहेर काढला तेव्हा मुठीत काहीतरी पांढरं होतं. आणि मूठ तिच्या स्वतःच्या तोंडाकडे निघाली होती.

मी ताटावरून कशी उठले ते आठवत नाही. तिची बोटं मी एकेक करून उघडली. ती किंचाळत होती. माझ्या तळहातावर तीन दात आले, एकमेकांना चिकटलेले. एका टोपीच्या आत काळं, कुजकं काहीतरी होतं आणि कडेला सुकलेल्या गोंदासारखा पारदर्शक थर. त्याचा वास आला.

"काय आहे हे? आई, काय आहे हे! तिने गिळलं असतं! तुला कळतं का, घशात अडकलं असतं!"

मी ओरडत होते. स्वतःच्या आईवर मी तशी कधी ओरडले नव्हते. अभिनवने संस्कृतीला उचललं आणि मला म्हणाला, "भाग्यश्री, थांब. त्यांच्याकडे बघ."

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. हातांच्या वर फक्त डोळे होते. ते पोरीकडे बघत होते. हातांच्या आतून ती म्हणाली, "तिले काही लागलं त नाही न?"

रविवारी दवाखाना बंद. सोमवारी मी सुट्टी टाकली, संस्कृतीला अभिनवजवळ ठेवलं आणि आईला घेऊन कर्वेनगरला निघाले. मांजरीहून कर्वेनगर म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं. पूर्ण रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती. हडपसरच्या सिग्नलला मी विचारलं, "कधीपासून हलतोय?"

"दिवाळीत. चकली खाल्ली तवा."

"आणि सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं त तू सुट्टी घेतली असती. रजा संपवून तू नुकतीच गेली होती ऑफिसात." थोड्या वेळाने म्हणाली, "दुखत नव्हतं न, पोरी. दुखलं असतं त सांगितलं असतं."

डॉ. सोवनींचे केस पांढरे झाले होते, बाकी खुर्चीसुद्धा तीच होती. ब्रिज त्यांनी चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवला.

"हे चिकटवलं कोणी?"

"मीच," आई म्हणाली.

"कशाने?"

"ते बारकी नळी येते न. चपलेले लावाची."

"चप्पल टिकली का?"

"हाव. चप्पल टिकली."

आणि दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. आईने पदर तोंडाला लावला नव्हता, पहिल्यांदाच. तिच्या खालच्या डाव्या बाजूला जिथे दात हवे होते तिथे दोन काळपट खुंट आणि सुजलेली लाल हिरडी होती. मी दाराशी उभी होते तरी दिसलं. मग टॉर्च लागला आणि जवळून दिसलं.

एक्स-रे पडद्यावर आला. डॉक्टर बोलल्या ते मी फोनमध्ये लिहून घेतलं. सवय. मागच्या दाताचं मूळ उभं चिरलेलं, काढावाच लागेल. पुढचा दात हिरडीच्या खालपर्यंत किडलेला. वाचवायचा प्रयत्न करता येईल, हमी नाही. आत पू आहे. आधी गोळ्या, मग पुढचं. त्यांनी बोटाला टोचून साखर बघितली. दोनशे ऐंशी.

"उपास करता का?"

आई माझ्याकडे बघू लागली.

"आठवड्यातून चार," मी म्हटलं.

"उपासाला काय खाता? साबुदाणा, बटाटा, केळं. मऊ मऊ." त्यांनी मान हलवली. त्यांना एका क्षणात कळलं. मला पाच महिने कळलं नव्हतं. "चावता येत नाही म्हणून उपास, उपासाने साखर, साखरेने हिरडी सुजली, हिरडी सुजली म्हणून चावता येत नाही. छान गोल जमवलाय."

"नवा ब्रिज बसवता येईल ना?" मी विचारलं.

"कशावर बसवू? खांब दाखवा, बसवते."

"मग स्क्रूचे दात? हाडात बसवतात ते?"

"या साखरेवर नाही. जखम भरणार नाही. आधी साखर खाली आणा, मग हाड किती उरलंय ते बघू. तो पुढचा दात टिकला तर त्याला धरून काढता-घालता येणारी दातांची पट्टी तरी नीट बसेल. तो गेला तर तीही डगमगणार. सगळं आता त्या एका खुंटावर आहे."

"आणि तोपर्यंत?"

"उजव्या बाजूने खा."

"उजवीकडं वरती दाढाच नाहीत माह्या," आई म्हणाली. तक्रार म्हणून नाही. पत्ता सांगावा तशी.

डॉक्टर कंप्युटरकडे वळल्या. "आमच्याकडून मेसेज जातात. सतरा गेलेले दिसतायत. नंबर बदलला होता का?"

"नाही."

"मग?"

मी हातातला फोन पर्समध्ये टाकला. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग डॉक्टर आईला म्हणाल्या, "दोरा किती दिवस घातलात?"

आईने पर्स उघडली. औषधांच्या चिठ्ठ्या, देवीचा अंगारा, बाबांचा एक जुना पासपोर्ट फोटो, आणि त्यांच्या मागून एक घड्या पडलेलं प्लास्टिकचं पाकीट काढलं. रिकामं. नऊ वर्षांपूर्वीचं तेच पाकीट, अक्षरं पुसट झालेली.

"पाकीट संपेपर्यंत घातला. एकबी दिवस सोडला नाही. हे नमुन्याले ठेवलं. पुसदच्या दोन्ही मेडिकलवाल्यांले दाखवलं, ते म्हनले असं काही येतच नाही. हिले सांगितलं होतं आनाले."

"मला? कधी?"

"तुही परीक्षा होती तवा. तू म्हनली, आनते." मग घाईने म्हणाली, "मग नोकरी लागली तुले. मग लग्न निघालं. मग पोट आलं. मीच म्हटलं नाही पुन्हा. शिवनाचा दोरा घालून पाह्यला मी, तो तुटून आतच राह्यला. मग सोडून देल्लं."

ते पाकीट तिने नऊ वर्षं जवळ ठेवलं होतं. माझ्या लग्नात, माझ्या डोहाळजेवणाला, मांजरीला येतानाही. आणि माझ्या घरात आठ महिने राहून, घराच्या खालीच मोठं मेडिकल असताना, तिने ते पर्समधून एकदाही बाहेर काढलं नाही. का, ते मला माहीत आहे. रोज संध्याकाळी मी दारातून आत यायचे तेव्हा पहिलं वाक्य काय असायचं, तर "हिने किती खाल्लं?"

डॉक्टरांनी ते रिकामं पाकीट हातात घेऊन बघितलं, आत गेल्या आणि दोन नवीन पाकिटं आणून माझ्या हातात दिली. "आता त्याखाली घालायला ब्रिज नाही," त्या म्हणाल्या. "तरी ठेवा. बाकीच्या दातांच्या फटींत घाला."

मागचा दात पुढच्या आठवड्यात काढला. पुढच्या खुंटात औषध भरून वर तात्पुरतं बुजवलं. आई खुर्चीत अगदी शांत असायची. मीच बाहेर बाकावर बसून हात चोळायचे. घरी साबुदाणा बंद केला, उपास बंद केले, म्हणजे मी केले. तिच्यासाठी नाचणीची पेज, पातळ भाजी, कुस्करलेली भाकरी. मी तिच्या ताटाची नोंद फोनमध्ये करायला लागले, संस्कृतीच्या खाली. आईने एकदा ते पाहिलं. "माह्यी शी बी लिहितं का त्यात?" म्हणाली. साखर एकशे नव्वदवर आली.

आणि एप्रिलच्या शेवटी बाबांना ताप आला. मोठं काही नव्हतं, पण आई थांबेना. "म्हातारा एकटा आहे." ऑगस्टमध्ये याच म्हाताऱ्याला काही होत नव्हतं. मी म्हटलं, पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलंय, तो दात बघायचाय, तेवढं होऊ दे. ती म्हणाली, "येते न मी. कुठं पळून चालली." संस्कृतीला पाळणाघरात घातलं. स्वारगेटला आईला गाडीत बसवताना मी दोऱ्याची दोन्ही पाकिटं तिच्या पर्समध्ये टाकली आणि तो खुंट जपायचं बजावलं. तिने मान हलवली. "हो हो," म्हणाली.

ती आलेली नाही. आता जून आहे. पुसदला मी एक दंतवैद्य शोधून काढलेत, फोनवर वेळही घेतली, दोनदा. दोन्ही वेळा काहीतरी निघालं, एकदा कोणाचं तेरावं, एकदा लग्न. व्हिडिओ कॉल केला की ती फोन अशा कोनात धरते की मला तिचं कपाळ आणि पंखा दिसतो. "खाली धर," म्हटलं की हसते, आणि पडद्यावर पदराचा काठ येतो. बाबांना विचारलं तर ते म्हणतात, "जेवते की ती, काय झालं तिले?" बाबांनी पस्तीस वर्षांत तिला जेवताना बघितलेलंच नाही. ती त्यांच्यानंतर जेवते.

काल बुधवार होता. मी ऑफिसातून फोन केला. काय जेवलीस, विचारलं.

"आज उपास," ती म्हणाली.

बुधवारी कसला उपास, हे मी विचारलं नाही. तो एक खुंट अजून आहे का नाही, हे मला इथून कळत नाही. शनिवारची गाडी सापडली तर जाणार आहे, पण संस्कृतीला ताप आहे आणि अभिनव बंगळूरला गेलाय, आणि ही कारणं मी तिच्यासारखीच सांगतेय, हे मला दिसतं.

तुमच्या घरात कोणाच्या तोंडात असा ब्रिज किंवा टोपी असेल, आणि कधी बसवली ते कोणालाच नीट आठवत नसेल, तर आज त्यांच्याकडे जा. अलीकडे त्यांचे उपास वाढलेत का बघा. नातवंडांच्या वाटीतलं कोण खातंय ते बघा. "दुखतंय का" असं विचारू नका, ते नाहीच म्हणतील, आणि खरंच दुखत नसेल. त्यांच्या ताटात भाकरी वाढा आणि समोर बसा. कुठलाही वार असला, काहीही सांगितलं, तरी पहिला घास चावून होईपर्यंत उठू नका.